मिरचीच्या बिया रुजेनात, आणि रुजल्या त्या आडव्या पडतायत

खिडकीतली_बाग :
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. मिरचीची रोपं विकत न आणता बियांपासूनच करायची असा घाट घातलाय. घरात वाळलेल्या लाल मिरच्या होत्या त्यांतल्या बिया काढल्या आणि मैत्रिणीने हबानेरो या जहाल तिखट मिरचीच्या थोड्या दिल्या होत्या त्याही घेतल्या, एकाच ट्रेमध्ये वेगवेगळ्या रांगांत पेरल्या. माती बागेतलीच, त्यात कंपोस्ट. बोटाचं एक पेर खोल खड्डा, त्यात एकेक बी, वरून माती, सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी. कुठेतरी वाचलं होतं की बी अंधारात लवकर रुजते म्हणून ट्रे टेबलाखाली सरकवून ठेवला. पंधरवडा उलटून गेला तेव्हा लाल मिरचीची जेमतेम चार-पाच रोपं वर आली तीही पांढुरकी आणि लांबलचक, मग घाईने ट्रे खिडकीत आणला तर आता सकाळी उठून बघावं तर एखादं रोप आडवं पडलेलं, मातीला टेकतं तिथे देठ बारीक होऊन काळपट झालेलं. हबानेरोचा तर पत्ताच नाही.

मला एवढंच सांगा की वाळलेल्या मिरचीतलं बी मुळात चालतं का, पेरण्याआधी भिजवायचं का, रोपं आडवी का पडतायत, आणि हबानेरोची वाट बघू की ट्रे ओतून टाकू?

मातीमाखला :
आधी वाईट बातमी. मातीजवळ बारीक होऊन जी रोपं पडतायत त्यांना मर लागलीये, नर्सरीवाले रोपं कोलमडली म्हणतात ते हेच. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशा असतात, कोवळं देठ मातीलगत कुजवतात. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्याच्यावर काही फवारत बसू नका, आजूबाजूच्या चमचाभर मातीसकट आजच काढून टाका कारण ओल्या मातीतून ती शेजारच्या रोपाकडे सरकते.

आता कारण. दोन वेळा भरपूर पाणी, जड माती, उजेड नाही, हवा खेळत नाही... बुरशीला आणखी काय हवं. बागेतली माती मोठ्या झाडाला ठीक, बियांना नको. ट्रेच्या एवढ्याशा खळग्यात ती घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि त्यात आधीपासून कोण कोण मुक्कामाला असतं ते आपल्याला दिसत नाही. बियांसाठी दोन भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे असतात ते) किंवा जाडसर वाळू, झालं. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यातून काढून पिळून घ्या, त्यात कधीकधी क्षार बरेच असतात. खत घालायची घाई नको, पहिल्या पानांपुरती शिदोरी बीमध्येच असते.

एक पेर खोल म्हणजे फारच खोल. अर्धा ते एक सेंटीमीटर, बस. आणि पाणी वरून धो धो ओतायचंच नाही, ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, खालून ओल चढून वरचा थर गडद दिसला की उचलायचा. वरचा थर परत फिका पडायला लागेपर्यंत हात लावायचा नाही.

अंधाराबद्दल, मिरचीच्या बीला रुजायला अंधार लागत नाही आणि उजेडही लागत नाही, ऊब लागते. पण माती फोडून हिरवा बाक वर दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात. तिथे एक-दोन दिवस जरी उशीर झाला तरी रोप उजेड शोधत ताणतं आणि मग ते कायमचं लांबुडकं.

निवांत_काकू :
अगं वाळलेल्या मिरचीतलं बी चालतं, न चालायला काय झालं, फक्त ती मिरची कशी वाळवली आणि किती जुनी ते आपल्याला माहीत नसतं. उन्हात वाळलेली असेल आणि वर्षा-दोन वर्षांतली असेल तर बरंच बी उगवतं. यंत्रात जास्त तापवून वाळवलेली असेल तर आतला कोंब मेलेला असतो, बाहेरून बी छान पिवळसर दिसते तरीही. म्हणून अंदाज बांधत बसू नये, सरळ तपासावं. दहा बिया घे, ओल्या टिशूपेपरमध्ये गुंडाळ, पाणी निथळून टाक, झाकणाच्या डब्यात ठेव आणि डबा उबदार जागी. दहा-बारा दिवसांत ज्यांना पांढरं मूळ फुटलं ते मोज. सात फुटल्या तर बी झकास, दोनच फुटल्या तर दुप्पट-तिप्पट पेर नाहीतर दुसरं बी आण. आणि फुटलेल्या बिया टाकायच्या नाहीत बरं का, मूळ अर्धा सेंटीमीटर झालं की चिमट्याने अलगद उचलून तिथेच मातीत. मूळ टिशूत घुसलं असेल तर ओढू नको, टिशूच्या तुकड्यासकट लाव, तो कुजून जातो.

हिरव्या मिरचीतलं बी मात्र नको. ते कोवळं असतं, फळ पूर्ण रंगावर आल्यावरच आतलं बी तयार होतं. काळपट, डागाळलेल्या बियाही बाजूला काढ.

भिजवण्याचं म्हणशील तर रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं तरी हरकत नाही, पण दोन-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवतात ते चूक. आणि पाण्यावर तरंगली म्हणून बी पोकळ असं समजून फेकू नकोस, मिरचीचं बी चपटं आणि हलकं, चांगलंसुद्धा तरंगतं.

तिखटजाळ :
ट्रे ओतू नका!!! हबानेरो आहे ती, तिला साध्या मिरचीचं घड्याळ लावू नका. आपण सरसकट मिरची म्हणतो पण लागवडीतल्या जाती पाच, घरोघरच्या बहुतेक लांब मिरच्या आणि ढोबळी मिरची या कॅप्सिकम ॲनम, आणि हबानेरो म्हणजे कॅप्सिकम चायनेन्स, नावात चीन असलं तरी मूळची अमेरिका खंडातलीच, नाव देणाऱ्याची गफलत. ॲनम ऊब मिळाली तर आठवडा ते दोन आठवड्यांत वर येते, चायनेन्स आरामात तीन-चार आठवडे घेते, कधी सहासुद्धा. रानटी बारीक मिरच्या तर अजून लहरी. त्यामुळे एकाच ट्रेमध्ये दोन्ही पेरल्या की हा घोळ होणारच, एकीला उजेड आणि हवा हवी असते तेव्हा दुसरी अजून झाकणाखाली ऊब मागत असते. पुढच्या वेळी ट्रे वेगळे ठेवा आणि हबानेरो महिनाभर आधी पेरा.

खरी मेख तापमानाची. मातीत २५ ते ३० अंश पाहिजे. मातीत हां, खोलीत नाही. ओल्या मातीतून पाणी उडत असतं त्यामुळे ती खोलीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश थंडच असते, आपल्याला वाटतं खोलीत २४ आहे म्हणजे ठीक आणि तिकडे बी २१ मध्ये कुडकुडत बसलेली असते. २० च्या खाली सगळं रडतखडत चालतं आणि १५ च्या खाली जवळपास ठप्प. बी रुजत नाही पण ओल तर आहे, मग ती कुजते. बिया खराब निघाल्या म्हणून ओरडणाऱ्या निम्म्या लोकांच्या बिया चांगल्या असतात, माती गार असते. साधा थर्मामीटर मातीत खुपसून बघा, एवढं एक केलं तरी पुष्कळ. ट्रेखाली घालायची तापणारी चटई म्हणजे हीट मॅट असेल तर उत्तम नाहीतर ट्रेवर पारदर्शक झाकण घालून वाय-फाय राऊटरच्या वर ठेवा, फक्त पाणी सांडू देऊ नका. झाकण दिवसातून एकदा काढून हवा द्यायची. झाकलेला ट्रे थेट कडक उन्हात अजिबात नको, आत तापमान इतकं चढतं की बिया उकडून निघतात.

खिडकीतली_बाग :
बाप रे केवढी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. काकू, टिशूचा प्रयोग आजच लावते. थर्मामीटर खुपसला, सकाळी १९ दाखवतोय, म्हणजे कळलं. हबानेरोची एक बी उकरून पाहिली तर ती अजून टणक आहे, दाबली तरी फुटली नाही, म्हणजे जिवंत असावी ना? आणि लाल मिरचीची दोन रोपं अजून उभी आहेत पण बोटभर लांब आणि खिडकीकडे वाकलेली, ती वाचतील का? खिडकीत ऊन दोन-तीन तासच येतं.

मातीमाखला :
टणक आहे म्हणजे आशा आहे, दाबल्यावर पचकन पाणी निघालं असतं तर गेली म्हणायचं. झाका परत आणि ऊब द्या.

लांबुडकी रोपं वाचतील. टोमॅटोसारखं करा, खोल कुंडीत दलपत्रांपर्यंत, म्हणजे रोपाच्या अगदी पहिल्या दोन पानांपर्यंत, देठ गाडून परत लावा.

शंकेखोर :
मातीमाखला, मिरचीला टोमॅटोचा नियम लागू होत नाही हो. टोमॅटोच्या देठाला सगळीकडून मुळं फुटतात, मिरचीला तशी आणि तेवढी फुटत नाहीत, उलट कोवळं देठ ओल्या मातीत गाडलं की परत तीच मर. त्यांच्याकडे आधीच बुरशी आलीये.

मातीमाखला :
टोमॅटोइतकी फुटत नाहीत हे मान्य, पण अजिबात फुटत नाहीत असंही नाही, आणि मुद्दा मुळांचा नाहीच, आधाराचा आहे. लांब देठ हवेत डोलत राहिलं तर पहिल्या झुळकीला मोडणार. तुमचा बुरशीचा मुद्दा बरोबर आहे म्हणून बागेतल्या मातीत नको, नव्या कोरड्यासर कोकोपीटमध्ये गाडा आणि दोन खरी पानं आल्यावरच गाडा, आत्ता नको. तोवर शेजारी काडी लावून टेकू द्या.

शंकेखोर :
हां, खऱ्या पानांनंतर असेल तर माझी हरकत नाही. पण खरा उपाय उजेडच. दोन-तीन तास उन्हात रोप जगतं, गुटगुटीत होत नाही. साधा पांढरा एलईडी बल्ब किंवा ट्यूब, ६५०० केल्विनवाली म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाची, रोपांच्या वर साधारण वीतभर अंतरावर टांगा आणि रोज १४ ते १६ तास चालू ठेवा. जांभळे महागडे ग्रो लाइट लागतातच असं काही नाही. रात्री बंद करायचा, रोपांनाही अंधार लागतो. आणि लहान पंखा लांबून हलका सोडा, रोप हललं की देठ जाड होतं, शिवाय मातीचा वरचा थर सुकत राहतो म्हणजे मर पण दूर. पंखा नसेल तर दिवसातून दोन-तीनदा तळहाताने शेंड्यांवरून हलकेच हात फिरवा, हसू नका, खरंच उपयोग होतो.

हात फिरवण्यावरून आठवलं. घरात कोणी तंबाखू खाणारं किंवा सिगरेट ओढणारं असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू देऊ नका. तंबाखूच्या पानावरचा मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो, दोघं एकाच कुळातले, आणि तो हातावरून पसरतो. एकदा लागला की औषध नाही.

निवांत_काकू :
पुढचंही सांगून ठेवते म्हणजे परत धावपळ नको. पहिली दोन गुळगुळीत लांबट पानं ती खरी पानं नव्हेत, ती दलपत्रं. त्यांच्यामधून जी येतील ती खरी. खऱ्या पानांची एक-दोन जोड्या झाल्या की लहान कुंडीत हलव, तेव्हापासून द्रवखत सुरू कर पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव ताकदीचं. हलवताना रोप देठाला धरायचं नाही, पानाला धरायचं. पान गेलं तर दुसरं येतं, देठ दबलं तर रोप गेलं.

मग रोप वीतभर झालं की बाहेर न्यायचं, पण एकदम नाही. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण उन्हात. घरात वाढलेली पानं उन्हाला सरावलेली नसतात, थेट ठेवलं की पांढरे चट्टे पडतात. रात्रीचं तापमान १२-१३ च्या खाली जात असेल तर अजून थांब. शेवटची कुंडी १०-१२ इंची तरी हवी, खाली भोकं हवीतच. लहान कुंडीत झाड जगतं पण चार मिरच्या देऊन हातपाय पसरतं.

तिखटजाळ :
आणि शेंडा खुडा असं कोणीतरी येऊन सांगेलच, तर ते ऐच्छिक आहे. मिरचीचं झाड आपणहून पहिल्या फुलापाशी दुभागतं आणि मग फांद्या फुटत जातात. लहानपणी शेंडा खुडला तर झाड बुटकं आणि डेरेदार होतं हे खरं, पण फळं काही आठवडे पुढे जातात. हबानेरोला आधीच पुनर्लागवडीनंतर तीन-चार महिने लागतात पिकायला, तिचा शेंडा खुडून आणखी उशीर कशाला? तुमच्याकडे ऊबदार दिवस भरपूर असतील तर खुडा, नसतील तर सोडा.

फुलं आली आणि गळली तर घाबरून खत घालू नका. दिवसा ३५ च्या वर किंवा रात्री २४ च्या वर तापमान गेलं की फुलगळ होतेच, हवा उतरली की फुलं परत धरतात. नत्र जास्त झालं तरी तेच होतं, झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी आणि फळ शून्य.

खिडकीतली_बाग :
अपडेट द्यायला आले. टिशूमधल्या दहापैकी सहा फुटल्या! नव्या कोकोपीटमध्ये लावल्या, ट्रे आता राऊटरवर, माती २७ दाखवते. आणि हबानेरो आली, जुन्याच ट्रेमध्ये, दोन आल्या पण एकीच्या डोक्यावर बीचं टरफल तसंच अडकलंय, पानं उघडेनात. ओढून काढू का? शिवाय ट्रेवर बारीक काळ्या माश्या उडतायत त्या काय आहेत.

मातीमाखला :
ओढू नका, पान तुटेल. टरफलावर पाण्याचा थेंब ठेवा, वर छोटी वाटी किंवा पेला उपडा घाला म्हणजे दमट राहील, काही तासांनी मऊ पडलं की टाचणीच्या टोकाने हलकेच सरकवा. बहुतेक वेळा आपोआप पडतं. बी फार वर पेरली गेली किंवा वरचा थर सुकला की असं होतं, मातीवर घासूनच टरफल निघायचं असतं ना.

काळ्या माश्या म्हणजे ट्रे अजून जास्त ओला राहतोय. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत कुजकं खातात आणि कोवळी मुळंही कुरतडतात. वरचा दोन सेंटीमीटर थर सुकू द्या, पिवळा चिकट कागद शेजारी उभा करा, आटोक्यात येतील.

बाल्कनी_चौथा_मजला :
मधेच घुसतोय माफ करा, वेगळा धागा कशाला काढू म्हणून इथेच विचारतो. माझी रोपं मोठी आहेत, फुलंही आलीयेत पण वरची पानं आक्रसून गोळा होतायत. बोकड्या म्हणतात तो हाच का? औषध काय मारू?

निवांत_काकू :
बोकड्या, चुरडा-मुरडा सगळं एकाच लक्षणाला म्हणतात पण कारणं वेगळी असतात, त्यामुळे औषध विचारायच्या आधी पान उलटं करून भिंगातून बघा. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे, कडा खाली वळून पान अरुंद आणि जाड झालं असेल तर कोळी, जाळी विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा, तो इतका बारीक की भिंगातूनही नीट दिसत नाही. दोन्हीत शेंडा खुडून बंद पिशवीत घालून टाका आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, त्यात द्रवसाबणाचे थोडे थेंब, आठवड्याने परत. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक चांगलं चालतं पण कडक उन्हात नको आणि तेल फवारल्यावर दोन आठवडे तरी नको, पानं करपतात.

तिसरा प्रकार वाईट. पानं लहान, पिवळसर, शिरा उठलेल्या, झाड खुरटलेलं आणि हलवलं की पांढऱ्या माश्या उडतायत, तर तो विषाणू. पांढरी माशी पसरवते. त्यात फवारणीने झाड बरं होत नाही, माश्या कमी होतात इतकंच. मन घट्ट करून ते झाड उपटायचं, बाकीची वाचतात.

बाल्कनी_चौथा_मजला :
होडीच झालीये, कडा वर. म्हणजे फुलकिडे. सुटलो म्हणायचं. आभारी आहे काकू.

खिडकीतली_बाग :
एक शेवटचं विचारते मग त्रास देणार नाही. ढोबळी मिरचीही शेजारीच लावायची आहे, ती हबानेरोच्या जवळ राहून तिखट होईल का? घरात दोन मतं पडलीयेत.

तिखटजाळ :
यंदाची ढोबळी तिखट होणार नाही. फळाचा गर आणि आतला पांढरा भाग आईच्या झाडाचा असतो, परागकण कोणाचेही पडोत, आणि तिखटपणा तयार होतो तो त्या पांढऱ्या भागातच, बियांमध्ये नाही, बियांना नुसता चोपडलेला असतो. संकर झाला तर तो बियांत जातो, म्हणजे त्या ढोबळीच्या बिया पुढे पेरल्या तर जे उगवेल त्याची खात्री नाही. तुम्हाला बी धरायचं असेल तर फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळीवर पातळ जाळीची पिशवी बांधा, फूल उमललं की फांदी हलकेच हलवा, मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा नाहीतर नंतर ओळखू येणार नाही. बी मूळचं संकरित पाकिटातलं असेल तर मात्र हे सगळं करून उपयोग नाही, पुढची पिढी तशीच निघत नाही.

आणि हबानेरोचं बी काढताना हातमोजे घालाच. लागलंच हाताला तर आधी तेल चोळा मग साबण, नुसत्या पाण्याने ते निघत नाही, पसरतं. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर ती बी काढायच्या आधी काढून ठेवा.

खिडकीतली_बाग :
लेन्स घालते मी! बरं झालं सांगितलंत. ढोबळीचं बी भिजत टाकलंय, वेगळा ट्रे, वेगळी चिठ्ठी.